हुबेहूब म्हातारी

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचा! स्टेशनवर ढमी जीप घेऊन आली होती. माझी ट्रंक उचलताना तिने विचारलं की बाबा, यात कपडे आहेत की रुळाचे तुकडे? म्हटलं, कपडे पिशवीत आहेत, ट्रंकेत हत्यारं आहेत. यावर तिने अशी काही नजर टाकली की थेट हिची आठवण झाली. ही गेल्यापासून माझ्याकडे तसं बघणारं कोणी उरलं नव्हतं. फार बरं वाटलं.

लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी. आता काडीसारखी झालीय, खांद्यावर पट्ट्या आहेत, लोक मॅडम म्हणतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बाहेर कोणासमोर तसं हाक मारायची नाही, अशी तंबी जीपमध्येच मिळाली.

तिचं क्वार्टर धावपट्टीला लागूनच आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिने माझ्यासाठी मोठं टेबल आणून ठेवलंय, वर वाकणारा दिवा. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवली, पण स्वतःचं असं टेबल कधी मिळालं नव्हतं. खिडकीतून शेड दिसते आणि शेडसमोर उभी असते म्हातारी. म्हणजे विमान. दोन इंजिनांचं, नऊ माणसांचं, माझ्याहून थोडंच लहान. आडगावचे पेशंट उचलायचे आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचवायचे, एवढंच तिचं काम. ढमी अजून तिच्या उजव्या सीटवर बसते. बारा एप्रिलला परीक्षेचं उड्डाण आहे. पास झाली की डावी सीट, म्हणजे कॅप्टन.

आता माझं गुपित. ट्रंकेच्या तळाशी एक किट आहे. हेच विमान, प्लॅस्टिकचं, अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. ढमी सात वर्षांची असताना आणलं होतं. तिला खेळायला विमान हवं होतं आणि मी चुका काढत बसलो. नाक चुकलंय, शेपूट चुकलंय, आधी खरी मापं मिळू देत, मग करू. ती बिचारी रोज विचारायची. मग विचारायची बंद झाली. खोका तसाच राहिला. आता खरं विमान खिडकीसमोर उभं आहे, आता सबब चालायची नाही. तिच्या परीक्षेपर्यंत करून द्यायचंच.

गुरुवार, ७ मार्च

खोका उघडला आणि कपाळाला हात लावला. ज्याने हे किट काढलं त्याने विमान बहुधा लांबून, तेही चष्मा विसरून पाहिलं असावं. नाक बटाट्यासारखं. खिडक्या सहाच्या जागी पाच. पत्र्यावरचे रिव्हेट देवीच्या व्रणांसारखे वर आलेले. शेपटाकडचा भाग पाच मिलिमीटर आखूड, म्हणजे खऱ्या विमानात वीतभर! आणि कॉकपिटमध्ये काय, तर एक सपाट फळी आणि दोन खुंट्या. त्या खुंट्या म्हणजे म्हणे पायलट.

टेप घेऊन शेडमध्ये गेलो. तिथला मिस्त्री पंचवीस वर्षं म्हातारीची देखभाल करतोय. गोड माणूस, पण जिभेला हाड नाही. मी घेर मोजायला लागलो तर म्हणाला, मास्तर, म्हातारीला ब्लाउज शिवताय का? मी म्हटलं, हो, आणि बाह्या पण लावणार आहे. मग शिडी त्यानेच धरली. दोनशे चौदा मापं घेतली. वहीची अकरा पानं भरली.

रविवार, १० मार्च

आज धड कापलं. तीस वर्षं जपलेल्या वस्तूवर करवत चालवण्याआधी दोनदा हात मागे घेतला, पण एकदा पातं आत गेल्यावर मजा यायला लागली. पंखामागे काप घेऊन मध्ये प्लॅस्टिकच्या पत्र्याची कडी बसवली, पुट्टी भरली, घासली. नाक सगळंच फेकून दिलं आणि थरावर थर चिकटवून नवं घडवलं. सहावी खिडकी कोरली. वर आलेले रिव्हेट कानशीने उडवले आणि सुईने एकेक खोल टोचतोय. साधारण चार हजार होतील. ढमी म्हणाली की बाबा, मोजणारे फक्त तुम्हीच आहात. तिला काय कळतंय.

शुक्रवार, १५ मार्च

कॉकपिट झालं. प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढली की केसासारखी तार निघते. तिचे सगळे खटके केले. डायल केले. डाव्या सीटच्या फाटलेल्या कव्हरवर मिस्त्रीने लावलेली चिकटपट्टीसुद्धा केली.

आणि डाव्या सीटवर ढमी बसवली. परीक्षा व्हायची आहे, माहीत आहे मला. पण बापाच्या विमानात तरी कॅप्टन होऊ दे पोरीला. किटमधल्या खुंट्या टाकल्या आणि पुट्टीतून तिला घडवलं. पेराएवढी मूर्ती. वेणी, डावा खांदा जरा उतरता, हनुवटी पुढे. दोन्ही हात सुकाणूवर. तीन दिवस भिंगाखाली गेले. एक अडचण आली. खाली पुढच्या चाकाची पेटी असल्यामुळे फळी उंच राहते आणि पाय मावत नाहीत. तर आम्ही मॉडेल करणारे सगळेच जे करतो ते मी केलं, गुडघ्याखाली पाय कापले. पॅनलच्या आड कोणाला दिसतंय? मूर्ती चिकटवली, वर काच बसवली. हात जरा थरथरत होते, म्हणून साधा गोंद सोडून सुपरग्लू घेतला आणि तोही जास्तच सांडला. आतून काचेच्या कडेला किंचित पांढुरकं दिसतंय. पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू नेऊ नका, वाफ धरते, हे मी पोरांना हजारदा सांगितलेलं. असो.

बुधवार, २० मार्च

झालं! रंग, पट्टे, दाराखालचं ठिगळ, शिडी आपटून आलेला पोचा, सगळं जिथल्या तिथे. मिस्त्रीला बोलावलं. त्याने वाकून ठिगळ पाहिलं, पोचा पाहिला. मग म्हणाला की मास्तर, अंगावर काटा आला हो.

ढमीने काचेतून स्वतःला पाहिलं आणि माझ्या टकलाची पापी घेतली. तीस वर्षं उशीर केला मी, असं म्हटलं तर म्हणाली, वेळेत आलात. डोळे भरून आले, लपवत नाही.

शनिवार, २३ मार्च

मॉडेलवर शेवटचा हात फिरवताना डाव्या इंजिनाच्या झाकणावर कानस सटकली आणि कोयत्यासारखा ओरखडा उठला. स्वतःवरच वैतागलो. दुपारी मिस्त्री भेटला तो माझ्याहून वैतागलेला. म्हातारीच्या डाव्या इंजिनावर कोणा गाढवाने हातभर ओरखडा काढलाय. कोयत्यासारखा. बघून आलो. योगायोग म्हणायचा झालं.

रविवार, २४ मार्च

पुट्टी भरली, घासलं, रंग दिला. पत्ता लागू नये असा ओरखडा बुजवला.

संध्याकाळी मिस्त्री डोकं खाजवत आला. त्याच्या माणसांनी झाकण बदलायला काढलं, तर ओरखडाच नाही. सगळे त्यालाच विचारताहेत की काल काय घेतलं होतंस. मी हसलो. हसू पुरतं आलं नाही.

बुधवार, २७ मार्च

चार दिवस डोक्यात किडा वळवळत होता, म्हणून आज तपासलं. मॉडेलच्या शेपटाखाली सुईच्या टोकाने लाल ठिपका दिला. चहा संपेपर्यंत थांबलो आणि शेडमध्ये गेलो. म्हातारीच्या शेपटाखाली रुपयापेक्षा मोठा लाल डाग होता. ओला. बोटाला लागला.

घरी येऊन थिनरने ठिपका पुसला. परत गेलो. डाग नव्हता. बोटावर मात्र होता.

हे विमान रोज माणसांना घेऊन उडतं, आणि ते माझ्या टेबलावर पडलंय, जिथे मी कोपराने बाटली पाडतो! मॉडेल कापसात गुंडाळून ढमीच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. आता त्याला हात लावायचा नाही.

शनिवार, ३० मार्च

ढमी चप्पल न घालता गरम राख तुडवून आली. मागच्या अंगणात माळ्याने पाला जाळला होता. तळवे भाजले आणि तिला पत्ताच नाही.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. गुडघ्याखाली काही जाणवत नाही. परीक्षा जवळ आली म्हणून कोणाला सांगितलं नाही. कधीपासून, विचारलं. साधारण पंधरा तारखेपासून.

मी कापलेले ते तुकडे. ते मी केरात झाडून टाकले होते.

सोमवार, १ एप्रिल

तिला सगळं सांगितलं. ओरखडा, ठिपका, पाय. आधी हसली. मग माझा हात धरून म्हणाली की आई गेल्यापासून तुम्ही फार एकटे पडलात, चूक माझी आहे, आधीच आणायला हवं होतं तुम्हाला. तिची समजूत घालायला गेलो आणि तीच माझी घालत बसली. शेडमध्ये चल, दाखवतो म्हटलं, तर लहान मुलाशी बोलावं तसं, उद्या हं बाबा.

काच फोडून मूर्ती काढू? काच फोडली तर म्हातारीची फुटेल. ते एक वेळ शेडमध्ये असताना करता येईल. पण सुरीचं टोक मूर्तीच्या गालापासून दोन मिलिमीटरवर येतं. माझा हात आता तेवढा राहिला नाही. पंधरा तारखेलाही नव्हता.

गुरुवार, ४ एप्रिल

ढमीच्या साहेबांकडे जाऊन तिच्या पायांचं सांगितलं. उड्डाण बंद केलं तिचं. परीक्षा गेली. निदान विमानात तरी नसेल.

बाबा, तुम्ही माझ्या पाठीत सुरी खुपसलीत, एवढंच म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. खुर्चीत बसून असते, खिडकीकडे तोंड करून. डावा खांदा उतरता. हनुवटी पुढे.

रविवार, ७ एप्रिल

आज बोलली. धुकं कधी सरणार, असं विचारलं.

बाहेर लख्ख ऊन आहे.

कपाट उघडलं. काच आतून पांढरी पडत चाललीय. वाफ. मीच बंद कपाटात कोंडली, उन्हाच्या भिंतीला लागून. वरच्या भागातून अजून आतलं दिसतं. लवकरच तेही दिसणार नाही. म्हातारीची काच मात्र स्वच्छ आहे; बाहेरचं तिच्यावर उमटतं, आतलं फक्त ढमीवर.

मंगळवार, ९ एप्रिल

तिचे हात समोर येऊन थांबलेत. काही धरल्यासारखे. खाली घेता येत नाहीत. मी जोर लावला, मिस्त्रीने लावला. लाकूड.

डॉक्टरांनी टाचण्या टोचल्या, डोळ्यांत बॅटरी मारली. कळत नाही म्हणाले. त्यांनाही सांगितलं मी. त्यांनी मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

मिस्त्रीने मात्र ऐकून घेतलं. त्याने तो ओरखडा पाहिलाय. पण मी काय करू मास्तर, असं तीनदा म्हणाला.

बुधवार, १० एप्रिल

खिडकी उघडा म्हणते. सगळ्या उघड्या आहेत. दारही. कोंदट होतंय म्हणते. नाकाला ऑक्सिजन लावलाय, तरी श्वास अपुरा. ओठ निळे.

आत कुठून येणार हवा. चारी बाजूंनी सीलबंद केलंय मी. कुठे फट राहू नये म्हणून भिंग लावून तपासलं होतं मी.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. रस्त्याने आठ तास, टिकणार नाही. उद्या अकराला म्हातारीतून. मी नको म्हटलं. मग काय, इथेच मरू द्यायचं का, असं विचारलं त्यांनी. सही केली.

गुरुवार, ११ एप्रिल. सकाळ

साडेनऊ. स्ट्रेचरवरून नेलं तिला. बसल्यासारखीच, हात पुढे. पडून राहताच येत नाही. तिच्या कपाळाला हात लावला. माझ्याकडे बघत होती पण दिसत नव्हतो मी.

स्ट्रेचर लावल्यावर तिच्यासोबत एकच जागा, ती डॉक्टरांची. बरंच झालं. मला इथेच थांबायचं होतं.

मिस्त्रीशी ठरलंय. अकराच्या आत म्हातारी हलणार नाही. तेवढ्यात काच कापायची. पुढची, उजव्या बाजूची, तिच्यापासून लांबची. हवा आत गेली की पुरे. उडाल्यावर कापली तर सगळेच — म्हणून आत्ताच.

दहा वाजून पाच. लिहिताना हात स्थिर राहतो, म्हणून लिहितोय. दोन ओळी लिहायच्या, एकदा पातं ओढायचं. दाब द्यायचा नाही.

भिंग लावलं. काच बहुतेक पांढरी. डाव्या कोपऱ्यात एक स्वच्छ गोल दिसतोय. मोहरीएवढा. काल नव्हता.

दहा वाजून बारा. आतून पुसतंय कोणी. सुकाणूवरचा एक हात सुटलाय. काच घासतोय.

ढमी, मी आहे गं. मी बाबा.

पहिली रेघ ओढली. बारीक भुगा पडला. गोलातून तिचा डोळा. तिला दिसतोय मी. ओठ हलताहेत. बाबा, हळू. बाबा, हळू. बाबा —

हळूच करतोय राजा. हळूच.

दहा वाजून एकवीस. रेघ अर्ध्यावर. फोन वाजतोय. मिस्त्री. म्हणतो काचेवर चीर आलीय बाहेरून, पायलटला दाखवली, त्याला ती आतून दिसतच नाही. डॉक्टर घाई करताहेत, तिचा श्वास थांबत आलाय, अकरापर्यंत थांबत नाहीत. मिस्त्री चाकासमोर उभा राहिला होता. त्याला दोघांनी धरून बाजूला —

इंजिनं सुरू झाली. खिडकीतून दिसतंय.

अर्धी चीर. एवढ्यावर वर गेली तर काच टिकायची नाही. पूर्ण कापायला वेळ नाही. जोडायची तर जोडायला तोच गोंद, तीच वाफ, आणि ती सीटवरून कलून तोंड चिरेला लावून —

हवा येतेय तिला. चिरेशी तोंड लावून ओढतेय. छाती हलतेय. माझी पोर श्वास घेतेय.

ओरडलो. कोणाला ऐकू जाणार. म्हातारी वळली. धावपट्टीच्या टोकाला —

थांबवा कोणीतरी. कोणीतरी

पातं खाली ठेवलंय. बोट चिरेवर दाबून धरलंय. एवढंच येतं करता. बोट धरलं तर काच टिकेल. बोट धरलं तर तिला हवा नाही — काढलं तर —

धावतेय. डाव्या हाताने लिहितोय. बोटाखाली तिचा हात लागतोय. ढकलतेय. बाबा, काढा. ओठ दिसताहेत. बाबा, बोट काढा

चाकं उचलली

काढू की